कानशिले ठणकतात तेव्हा

डोके दुखते असे सांगताना माणसाची बोटे आपोआप कानशिलांकडे जातात. घरोघरी यावरचे उपाय ठरलेले आहेत. कोणी बाम चोळते, कोणी ओढणीने कपाळ आवळून बांधते, कोणी कडक चहा मागते, तर कोणी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘डोकेदुखीची गोळी’ आणायला मुलाला पिटाळते. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतेही. पण कानशिलातले दुखणे म्हणजे एकच आजार नव्हे. त्याच जागी दिवसभराचा शीणही दुखतो आणि दृष्टी कायमची हिरावून नेणारा आजारही दुखतो. दोन्हींतला फरक घरच्या घरी बराचसा ओळखता येतो. तो कसा, हे या महिन्यात पाहू.

कानशिलात असते तरी काय?

दोन्ही कानशिलांवर बोटे ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली काहीतरी टणक होऊन वर उचलल्यासारखे वाटेल. तो जबडा मिटणारा पंख्याच्या आकाराचा स्नायू आहे. तो कानशिलापासून निघून खालच्या जबड्याला जाऊन मिळतो. आता कानाच्या अगदी पुढे बोट अलगद ठेवा. तेथे नाडी उडताना जाणवेल. ती कानशिलाची धमनी. या सगळ्याच्या खाली कवटीचे हाड आहे आणि कवटीतील सर्वांत पातळ भागांपैकी तो एक भाग आहे.

मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. दुखतात ते स्नायू, रक्तवाहिन्या, मेंदूवरची आवरणे आणि मज्जातंतू. चेहरा, डोळे, दात, जबडा आणि कानशील या सर्वांच्या संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या शाखा वाहून नेतात. म्हणून बिघाड जबड्यात किंवा डोळ्यात असला तरी कळ कानशिलात उमटू शकते. नुसती जागा पाहून आजार ओळखता येत नाही, याचे कारण हेच. दुखणे कसे आहे, किती वेळ टिकते आणि त्याच्या जोडीला आणखी काय होते, हे पाहावे लागते.

पट्टा आवळल्यासारखे दुखणे

सर्वांत जास्त आढळते ते ताणामुळे होणारे डोकेदुखणे. डोक्याभोवती कोणी पट्टा आवळला आहे असे वाटते. दोन्ही कानशिले, कपाळ आणि मानेचा वरचा भाग जड होतो. दुखणे दाबल्यासारखे असते, ठोके पडल्यासारखे नसते. उलटी होत नाही, जिना चढल्याने दुखणे वाढत नाही आणि माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो. अर्ध्या तासापासून काही दिवसांपर्यंत ते टिकू शकते.

अपुरी झोप, वेळेवर न जेवणे, कमी पाणी पिणे, काळजी आणि मान वाकवून केलेले काम ही याची नेहमीची कारणे. शिलाई मशीनवर तासन्‌तास बसणाऱ्या भगिनी, जरीकाम करणारे कारागीर, पावरलूमच्या आवाजात पाळी करणारे कामगार आणि मोबाईलमध्ये डोके घालून बसणारी मुले या सर्वांना हा त्रास होतो.

येथे पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी आणि थोडी विश्रांती बहुधा पुरते. त्यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने उठून मान व खांदे सावकाश फिरवावेत, मानेला गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे आणि झोपण्या-उठण्याची वेळ सांभाळावी. महिन्यातले निम्मे दिवस असेच जात असतील तर दुखणे अंगवळणी पाडून घेऊ नये. यावर रोज घ्यायची प्रतिबंधक औषधे आहेत, ती डॉक्टर देऊ शकतात.

अर्धशिशी

अर्धशिशीला युनानी वैद्यकात ‘शकीका’ म्हणतात. हा मूळ अरबी शब्दही अर्ध्या डोक्याकडेच बोट दाखवतो. एका बाजूचे कानशील ठोके पडल्यासारखे ठणकते, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. चालले-वाकले की कळ वाढते. अंधाऱ्या खोलीत पडून राहावेसे वाटते. उपचार केले नाहीत तर हा झटका ४ ते ७२ तास चालतो. काहींना तो येण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा दिसतात किंवा नजरेचा एखादा भाग काही मिनिटे पुसट होतो.

पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार सुमारे तिप्पट आढळतो. पाळीच्या दिवसांत तो जास्त जोर करतो. आई किंवा खालाला असेल तर मुलीलाही होण्याचा संभव वाढतो. अर्धशिशी हा मेंदूच्या कार्यातला खराखुरा आजार आहे. सून कामाच्या वेळीच डोके धरून बसते, असे टोमणे त्यावर औषध नाहीत. एवढे घरातल्या सर्वांनी समजून घेतले, तरी रुग्णाचा अर्धा भार हलका होतो.

झटका सुरू होताच, पहिल्या तासाभरात औषध घ्यावे. कळ टिपेला गेल्यावर पोटाचे काम मंदावते आणि गोळी नीट शोषली जात नाही. डॉक्टर वेदनाशामकाबरोबर उलटी थांबवणारे औषध देतात. त्याने न भागल्यास ‘ट्रिप्टान’ गटाची औषधे देतात. हृदयविकार असलेल्यांना मात्र ही औषधे चालत नाहीत. महिन्यात चार-पाच वेळा किंवा त्याहून जास्त झटके येत असतील तर प्रतिबंधक औषधे सुरू करता येतात. त्यांतील प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही. टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट ही औषधे गर्भाला अपाय करू शकतात. म्हणून लग्न ठरलेल्या मुलीने किंवा दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने डॉक्टरांना ते आधी, स्पष्ट सांगावे. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणखी एक गोष्ट. झटक्याआधी चमकत्या रेषा दिसणाऱ्या स्त्रियांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. त्यांच्यात या गोळ्यांमुळे पक्षाघाताचा धोका वाढतो. पाळी पुढे ढकलण्यासाठी किंवा नियमित करण्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांतही इस्ट्रोजेन असते, हे ध्यानात ठेवावे.

गोळीच दुखणे वाढवते तेव्हा

रोज सकाळी डोके दुखते म्हणून रोज सकाळी एक गोळी, असे अनेक घरांत वर्षानुवर्षे चालते. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस आणि दोन-तीन औषधांच्या मिश्रणाच्या गोळ्या किंवा ट्रिप्टान १० किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतले तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. गोळीचा असर उतरला की डोके दुखते, म्हणून पुन्हा गोळी. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती बंद करणे. पहिले काही दिवस दुखणे वाढते, मग हळूहळू उतरते. शिवाय वेदनाशामकांच्या अशा सवयीने पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडे खराब होतात, ते वेगळेच. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना हा धोका जास्त.

जबडा, डोळे आणि ओढणीची पिन

सकाळी उठल्याबरोबर कानशिले दुखत असतील, तोंड उघडताना कानापुढे कट्‌ आवाज येत असेल, तर जबड्याचा सांधा तपासून घ्यावा. झोपेत दात खाणाऱ्यांना हा त्रास होतो. काही दिवस मऊ अन्न, शेक आणि दंतवैद्याने बनवून दिलेली रात्रीची पट्टी यांचा उपयोग होतो. सुपारी व गुटखा सतत चघळल्यानेही हाच स्नायू दमतो. आणि तोंड पूर्वीसारखे उघडत नसेल तर ते डोकेदुखीपेक्षा फार गंभीर लक्षण आहे. सुपारी-गुटखा त्याच दिवशी बंद करून तोंड तपासून घ्यावे, कारण पुढे कर्करोगाचा धोका असतो.

चाळिशीनंतर वाचताना, शिवताना डोके जड होत असेल तर नंबर तपासावा. मात्र एक डोळा अचानक लाल होऊन फार दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, नजर धूसर झाली आणि उलट्या होऊ लागल्या, तर ती काचबिंदूची तातडीची अवस्था असू शकते. अशा वेळी पित्त समजून घरी थांबू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

घट्ट टोपी, हेल्मेट किंवा आवळून पिन लावलेला स्कार्फ यांच्या दाबानेही कानशिले दुखतात. काढल्यावर तासाभरात बरे वाटले, तर कारण सापडले असे समजावे. स्कार्फ सैल बांधावा आणि आतली पट्टी मऊ सुती घ्यावी, एवढेच औषध.

रक्तदाबाबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. डोके दुखत नाही म्हणजे बीपी ठीक, असे समजून लोक गोळी सोडतात. थोडा वाढलेला रक्तदाब सहसा डोके दुखवत नाही. तो गुपचूप आपले काम करत राहतो. म्हणून बीपी यंत्राने मोजावा, डोकेदुखीने नव्हे.

रोजा आणि डोकेदुखी

रमजानच्या पहिल्या आठवड्यात दुपारनंतर कानशिले जड होणे हा अनेकांचा अनुभव आहे. त्यामागे तीन कारणे असतात: तुटलेली झोप, पाण्याची कमतरता आणि अचानक सुटलेला चहा. रोज चार-पाच कप चहा घेणाऱ्याच्या शरीराला त्यातील कॅफिनची सवय लागते. ते थांबले की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. म्हणून शाबान महिन्यातच चहाचे कप एकेक करून कमी करावेत. इफ्तारपासून सहरीपर्यंत पाणी थोडे थोडे पीत राहावे. सहरी चुकवू नये आणि तीत नुसत्या गोडाऐवजी डाळ, अंडी, दही, भाकरी असे टिकणारे अन्न असावे. दुपारी थोडी झोप मिळाली तर उत्तम.

अर्धशिशीच्या रुग्णांनी रमजानच्या तीन-चार आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. बहुतेक प्रतिबंधक औषधे इफ्तार आणि सहरीच्या वेळांवर बसवता येतात. रोजा असताना जोराचा झटका आला, उलट्या थांबेनात, तर जिवावर बेतेपर्यंत सहन करणे शरीयतला अपेक्षित नाही. आजाऱ्याला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत आहेच. आपल्या बाबतीत काय करावे हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून आधीच ठरवून ठेवावे.

पन्नाशीनंतरचे नवे दुखणे

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. घरातील दादी-नानी, अम्मी-अब्बा यांच्यासाठी तो मुद्दाम वाचावा.

पन्नाशी उलटलेल्या, विशेषतः साठी-सत्तरीतल्या माणसाला पूर्वी कधी नव्हते असे कानशिलाचे दुखणे सुरू झाले, तर कानशिलाच्या धमनीला सूज आली आहे का, याचा विचार आधी व्हायला हवा. या आजारात धमनीची भिंत सुजून आतला मार्ग अरुंद होतो. कानशिलावरची शीर जाड, दोरीसारखी होते आणि हात लावला तरी दुखते. केस विंचरताना, उशीवर डोके टेकताना त्रास होतो. चावताना जबडा दुखून थांबावे लागते, थोडे थांबले की पुन्हा चावता येते. हे लक्षण फार बोलके आहे. जोडीला बारीक ताप, वजन घटणे, भूक मंदावणे, सकाळी खांदे व कंबर आखडणे असू शकते.

सर्वांत मोठी भीती डोळ्याची. हीच सूज डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत गेली की नजर जाते, कधी काही मिनिटांत, आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. एका डोळ्यानंतर काही दिवसांतच दुसरा डोळाही जाऊ शकतो. त्याआधी काहींना डोळ्यांपुढे क्षणभर पडदा पडल्यासारखे होते किंवा एकाचे दोन दिसतात. हीच धोक्याची घंटा.

कानशिलाची धमनी आणि दृष्टी यांचा संबंध सुमारे हजार वर्षांपूर्वी बगदादचे नेत्रवैद्य अली इब्न ईसा यांनी आपल्या ‘तज्‌किरतुल कह्‌हालीन’ या अरबी ग्रंथात नोंदवला होता. १८९० मध्ये लंडनचे डॉ. जोनाथन हचिन्सन यांनी एका वृद्धाची हकीगत लिहिली. त्याच्या कानशिलांवरच्या शिरा इतक्या सुजल्या होत्या की त्याला टोपी घालवत नव्हती. १९३२ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. हॉर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराचे सविस्तर वर्णन केले. तरीही दृष्टी वाचवता येईल असे खात्रीचे औषध हाती आले ते १९५० च्या आसपास, स्टेरॉइडच्या रूपाने.

आज निदान अवघड नाही. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्या बहुधा वाढलेल्या आढळतात. कानशिलाच्या धमनीची सोनोग्राफी करता येते. धमनीचा छोटा तुकडा तपासून खात्री केली जाते. संशय बळकट असेल तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी प्रेड्निसोलोन सुरू करतात. दोन-तीन दिवसांत डोकेदुखी ओसरू लागते. मात्र औषध अनेक महिने, बहुधा वर्ष-दोन वर्षे, मात्रा हळूहळू कमी करत घ्यावे लागते. त्याने साखर वाढते आणि हाडे ठिसूळ होतात, म्हणून मधुमेहाची तपासणी आणि कॅल्शियम-ड जीवनसत्त्व सोबत लागते. बरे वाटले म्हणून हे औषध मनाने एकदम बंद करणे धोक्याचे आहे.

युरोपच्या उत्तरेकडील लोकांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार कमी आढळतो. म्हणूनच तो लवकर लक्षात येत नाही. ‘वय झाले, दुखणारच’ असे म्हणून दादीला बाम देण्याआधी तिला एवढेच विचारावे: चावताना जबडा दुखतो का? नजरेत काही फरक वाटतो का? उत्तर ‘हो’ आले, तर उद्याची वाट पाहू नये.

बाम, शेक आणि हिजामा

अर्धशिशीत कानशिलावर थंड पट्टी आणि स्नायूंच्या ताणात मानेला गरम शेक, हे सुरक्षित उपाय आहेत. पुदिन्याचा अर्क असलेल्या बामानेही काहींना बरे वाटते. तो डोळ्यांपासून दूर आणि लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. त्यातला कापूर पोटात गेल्यास बाळाला विषबाधा होऊ शकते.

हिजामा करून घेणाऱ्या अनेकांना आराम वाटतो. अर्धशिशीवर त्याचा किती उपयोग होतो, याचे भक्कम वैद्यकीय पुरावे मात्र अजून थोडेच आहेत. करायचाच असेल तर पाते आणि कप नवे, निर्जंतुक असावेत. नाहीतर काविळीचे बी व सी हे विषाणू आणि एचआयव्ही पसरण्याचा धोका राहतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, पंडुरोगी आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो करू नये. सुजलेल्या, दुखऱ्या कानशिलाच्या शिरेवर तर कधीच नाही. आणि खाली सांगितलेले एकही लक्षण असेल तर आधी इस्पितळ, बाकीचे नंतर.

अशा वेळी थांबू नका

– वीज पडावी तसे क्षणात सुरू झालेले, आयुष्यातले सर्वांत भयंकर डोकेदुखणे.
– ताप आणि मान ताठ होणे, गुंगी किंवा झटके येणे.
– तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, नजर जाणे.
– कानशिलाला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, उलट्या किंवा झोपाळूपणा. येथे हाड पातळ असून त्याच्या आत धमनी असते. मुलगा पडल्यावर उठून तासभर खेळला म्हणजे धोका टळला, असे नसते.
– पाच महिन्यांनंतरच्या गरोदरपणात जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणे, अंगावर सूज.
– रोज वाढत जाणारे, पहाटे उलटीसह जागे करणारे दुखणे.

यांपैकी काहीही दिसले तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

औषधाबाबतही दोन सूचना. १६ वर्षांखालील मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. पावसाळ्यात तापासोबत डोके दुखत असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन दोन्ही टाळावीत, पॅरासिटामॉल चालते.

डॉक्टरांकडे जाताना

एका वहीत महिनाभर नोंद ठेवा: कोणत्या तारखेला दुखले, कोणत्या बाजूला, किती तास, त्याआधी काय खाल्ले, झोप किती झाली, पाळी कधी आली आणि कोणती गोळी किती वेळा घेतली. ही चार पाने डॉक्टरांच्या हाती दिली तर अनेकदा महागड्या स्कॅनची गरजच उरत नाही. घेत असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्याही सोबत न्याव्यात, हकीमसाहेबांची पुडीसुद्धा. त्यात लपवण्यासारखे काही नसते आणि डॉक्टरांना ते कळणे रुग्णाच्याच हिताचे असते.

आपल्या घरांत मोठी माणसे सहसा तक्रार करत नाहीत आणि बायका सर्वांचे करून झाल्यावर स्वतःकडे वळतात. तेव्हा आज रात्री दस्तरखान उचलल्यावर घरातल्या थोरांना सहज विचारून पाहा: हल्ली डोके दुखते का, आणि किती दिवसांपासून?